आप्पांचा परफ्यूम: आधी नाकाला विचारा, मग खोक्याला

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि येत्या ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. त्यांना एखादा उंची फ्रेंच परफ्यूम द्यावा असं ताईंच्या मनात आहे. त्याची जड काचेची बाटली, चुंबकाचं झाकण आणि आतून मखमल लावलेला खोका त्यांनी व्हिडिओत पाहिला आणि तिथेच मन बसलं. १०० मिलीची बाटली एका ठिकाणी १४,५०० रुपयांना आहे, दुसरीकडे ८,९०० ला. खोका पाहून अस्सल-नकली कळेल का, आणि एवढे पैसे वासाचे असतात की बाटलीचे, असं त्या विचारतात. आप्पा लग्नकार्यात वाळ्याच्या अत्तराचा फाया कानात ठेवतात, त्यापलीकडे काही लावत नाहीत, हेही त्यांनी लिहिलं आहे.

ताई, जळगावात आमचं अत्तराचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी अत्तर, अगरबत्ती आणि धूप एवढंच असायचं. मी १९९८ साली गल्ल्यावर बसलो आणि हळूहळू परदेशी परफ्यूमही ठेवायला लागलो. आजही दोन्ही विकतो, म्हणून एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावं ठेवण्याचं मला कारण नाही.

तुम्ही खोक्याबद्दल विचारलंत, किमतीबद्दल विचारलंत. पण हा वास आप्पांना आवडेल का, आणि निवृत्तीच्या दिवसानंतर ते तो पुन्हा स्वतःहून लावतील का, हे विचारलेलं नाही. तुम्ही बाटली पाहिली, खोका पाहिला, वास मात्र अजून घेतलेला नाही. माझ्या दृष्टीने तुमची खरी अडचण ही आहे. बाटली अस्सल निघाली आणि आप्पांनी ती कपाटात ठेवून दिली, तर १४,५०० रुपये तसेच गेले.

आपल्याकडच्या माणसाला हे सोन्यावरून पटकन समजतं. सराफाकडे आपण वजन वेगळं विचारतो, घडणावळ वेगळी विचारतो. नक्षी कितीही सुंदर असली तरी आधी सोनं किती ते पाहतो. परफ्यूममध्ये वास म्हणजे सोनं. बाटली, झाकण आणि खोका ही घडणावळ. फरक एवढाच की दागिन्याला मोड मिळते, उघडलेल्या परफ्यूमला नाही. म्हणून इथे तर आधी वास पाहणं जास्त गरजेचं.

घडणावळ फुकट असते असं मात्र मी म्हणणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक सुगंध साध्या, औषधाच्या दुकानात शोभतील अशा बाटल्यांतून विकले जायचे. फ्रान्स्वा कोटी या अत्तर-व्यावसायिकाने रने लालिक या काचकलावंताला हाताशी धरलं आणि बाटली ही स्वतंत्र कला झाली. १९२१ च्या शनेल नंबर ५ ची बाटली नक्षीच्या त्या जमान्यात मुद्दाम सरळ, चौकोनी ठेवली होती. १९२५ च्या गेरलँच्या शालिमारचं नाव मुघलांच्या शालिमार बागेवरून आलं आणि त्याची पंखाकृती निळ्या बुचाची बाटली आजही ओळखली जाते. अशी बाटली हातात घेतली की मलाही आनंद होतो. पण आतला वास चांगला आहे याचा पुरावा ती देत नाही. जड बूड म्हणजे जाड काच, जड झाकण म्हणजे आत धातू, एवढाच त्याचा अर्थ.

आता वास. तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तारीख आहे: ३१ मे. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो आणि हवा कोरडी असते. परफ्यूम म्हणजे मुख्यतः अल्कोहोलात विरघळवलेली सुगंधी द्रव्यं, आणि ती प्रत्येक आपापल्या वेगाने उडतात. लिंबू, संत्रं, बर्गमॉट हे हलके वास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघून जातात. मग गुलाब, मोगरा, मसाले वर येतात. शेवटी चंदन, वाळा, व्हॅनिला, कस्तुरीसारखी द्रव्यं तासन्‌तास अंगावर राहतात. उष्णतेत हा सगळा प्रवास घाईने होतो. वरचा ताजेपणा लवकर संपतो आणि गोड, जड वास चौपट अंगावर येतो.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगतो. यावलकडचा एक नवरदेव डिसेंबरात मुंबईला गेला आणि एसी मॉलमध्ये वास घेऊन व्हॅनिला-ऊदचा एक महागडा परफ्यूम घेऊन आला. लग्न मेमध्ये. मांडवात लावला आणि तासाभरात त्याचं आणि शेजारच्या सगळ्यांचं डोकं चढलं. परफ्यूम अस्सल होता, चांगलाही होता. फक्त ज्या हवेत घेतला, त्या हवेत लावला नाही. तोच परफ्यूम त्याने पुढच्या हिवाळ्यात लावला तेव्हा लोक थांबून नाव विचारत होते.

म्हणून १०० मिलीची बाटली आत्ता मागवू नका. आधी नमुने मिळवा. बऱ्याच कंपन्या दोन मिलीच्या कुप्यांचा संच विकतात. ते जमलं नाही तर नाशिक, पुणे किंवा मुंबईला जाणं होईल तेव्हा काउंटरवर जा. तिथे कागदाच्या पट्ट्या देतात. एका वेळी तीनच्या वर घेऊ नका आणि प्रत्येकीवर नाव लिहा. फवारल्या फवारल्या नाकाशी नेऊ नका, आधी अल्कोहोल उडून जाऊ द्या. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी पुन्हा वास घ्या. आवडलेल्या दोनच पट्ट्या निवडा आणि तेवढेच दोन परफ्यूम दोन हातांवर लावा. मनगटं एकमेकांवर घासू नका. मग दुकानाबाहेर पडा, ऊन घ्या, जेवा, बसने प्रवास करा. संध्याकाळी हातावर जे उरलं असेल त्यासाठी तुम्ही पैसे मोजणार आहात असं समजा, कारण दिवसभर सोबत राहणारा वास तोच.

काउंटरवर नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगायला देतात. माझा अनुभव असा की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेणं किंवा दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहणं तेवढंच उपयोगी पडतं. अजून एक गोष्ट. काही कृत्रिम कस्तुरींचा वास काही माणसांना येतच नाही, आणि एरवीही आपल्या अंगावरच्या वासाची नाकाला सवय होऊन तो जाणवेनासा होतो. "अर्ध्या तासात उडाला" असं म्हणत येणारी निम्मी गिऱ्हाइकं दुकानात पाऊल ठेवतात तेव्हा मला तो वास दारातूनच आलेला असतो. म्हणून दुसऱ्याला विचारा.

तुमच्याजवळ तर सगळ्यात मोठी खूण आधीपासून आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहून टाकलीत. आप्पा वाळा लावतात. परदेशी परफ्यूमच्या खोक्यावर वेटिव्हर असं लिहिलेलं असतं ना, तो हाच वाळा. तो शब्दच मुळात तमिळ वेट्टिवेरवरून गेला आहे. हैती आणि जावातला वाळा परदेशी परफ्यूमवाल्यांकडे जातो, आपल्याकडे कन्नौजचे लोक तांब्याच्या डेगेत रूह खस, म्हणजे वाळ्याचं शुद्ध तेल, काढतात आणि तांब्यामुळे त्याला हिरवट झाक येते. परदेशी वेटिव्हर बहुधा जास्त कोरडा, स्वच्छ, कधी लिंबाच्या सालीसारखा चुरचुरीत असतो. रूह खस ओली, मातकट आणि दाट असते. पण मूळ एकच, आणि आप्पांचं नाक ते ओळखेल. लहानपणी माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी टाकलेली, दुपारी खिडकीला वाळ्याचा पडदा आणि त्यावर पाणी शिंपडलेलं, हे ज्यांनी पाहिलं त्या आपल्याकडच्या माणसांना या वासाने गारवा वाटतो. ३१ मे च्या दुपारी यापेक्षा योग्य काय असणार! तुम्ही व्हिडिओत पाहिलेल्या परफ्यूमसोबत वेटिव्हरवर आधारलेले दोन नमुने नक्की मागवा.

ते नमुने आप्पांसमोर ठेवताना नाव, किंमत, चित्र काही दाखवू नका. तिन्ही साध्या कुप्यांत, वर १, २, ३ असे आकडे. एक दिवस एक. "आप्पा, हा लावून शाळेत जा," एवढंच म्हणा. संध्याकाळी काय म्हणतात ते ऐका, पण त्याहून जास्त पाहा की दुसऱ्या दिवशी कोणती कुपी ते स्वतःहून मागतात. गुपित फुटेल अशी भीती वाटत असेल तर "मैत्रिणीच्या दुकानासाठी मत हवंय" म्हणा. आमच्याकडे वडिलांसाठी भेट घ्यायला येणाऱ्या मुलांना मी नेहमी हेच करायला सांगतो. अनेकदा मुलांनी मनात धरलेला परफ्यूम मागे पडतो.

किमतीचं आता. १४,५०० आणि ८,९०० या आकड्यांवरून लगेच एकाला चोर ठरवू नका. आधी दोन्हीकडे एकच वस्तू आहे का ते बघा. एकाच नावाने ओ द त्वालेत, ओ द पार्फ्यूम आणि पार्फ्यूम असे प्रकार निघतात. ढोबळमानाने पहिल्यात सुगंधी द्रव्य ५ ते १५ टक्के, दुसऱ्यात १५ ते २० आणि तिसऱ्यात त्याहून जास्त असतं. या सीमा कायद्याने बांधलेल्या नाहीत, आणि बऱ्याचदा तिन्हींचा वासही वेगळा असतो, नुसता कमी-जास्त तीव्र नसतो. दुसरं, स्वस्तातली बाटली टेस्टर, म्हणजे काउंटरवर वास दाखवण्यासाठीची, असू शकते: आतला माल तोच, पण साधा पुठ्ठ्याचा खोका आणि कधी झाकणही नाही. स्वतःसाठी घ्यायला चालेल, भेट द्यायला नाही. तिसरं, अधिकृत वितरकाला टाळून दुसऱ्या मार्गाने आणलेला माल. आणि चौथं, बनावट. यातलं कोणतं हे मी इथून सांगू शकत नाही. विकणारा कोण, बिल देतो का, परत घेतो का, यावर ते अवलंबून आहे.

त्यापेक्षा एक साधा हिशोब करा. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली द्रव येतो, म्हणजे १०० मिलीत हजारभर फवारे. आप्पा लग्नकार्यात आणि सणावारी मिळून वर्षातून ३० वेळा लावणारे, दर वेळी ४ फवारे. वर्षाला १२ मिली. १०० मिलीची बाटली आठ वर्षं पुरेल, आणि आपल्या उन्हाळ्यात उघडलेली बाटली आठ वर्षं चांगली ठेवणं अवघड आहे. ५० मिली घ्या, ३० ची मिळाली तर तीही पुरे. दर मिलीमागे थोडे जास्त पैसे पडतील, पण एकूण कमी जातील आणि अधिकृत दुकानातून घेणं तुमच्या बजेटमध्ये बसेल. ८,९०० चा मोह तिथेच संपतो.

आता खोका. इथे मी सविस्तर लिहितो, कारण यावर बरेच गैरसमज आहेत. सगळ्यात मोठा गैरसमज बॅच क्रमांकाचा. खोक्याच्या तळाला आणि बाटलीच्या बुडाला असलेला क्रमांक जुळायला हवा, हे खरं. जुळला नाही तर माल परत करा. पण जुळला म्हणजे अस्सल, असं अजिबात नाही. सोन्याच्या हॉलमार्कवरचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो. बॅच क्रमांक तसा नसतो, एका घाण्यातल्या हजारो बाटल्यांवर तोच असतो. बनावट करणारा एक अस्सल बाटली विकत घेतो आणि तोच क्रमांक सगळीकडे छापतो. मग तो क्रमांक इंटरनेटवर टाकला की वर्ष-महिना बरोबर दिसतो आणि आपण फसतो.

मी स्वतः असा फसलो आहे. एका मोठ्या शहरातल्या घाऊक विक्रेत्याकडून बारा बाटल्या आल्या. खोक्याचा पुठ्ठा, सोनेरी छपाई, क्रमांक, सगळं तंतोतंत. एक उघडून हातावर मारली तेव्हा फवारा धुक्यासारखा पसरण्याऐवजी थेंबथेंब आला. पहिला वास हुबेहूब होता, पण अर्ध्या तासाने गोडसर साखरेच्या पाकाशिवाय काही उरलं नाही. नकली माल पहिल्या दहा मिनिटांची नक्कल चांगली करतो, कारण दुकानात माणूस तेवढाच वेळ थांबतो. खालचा थर महाग असतो, तिथे त्याचं पितळ उघडं पडतं. त्या बाराही बाटल्या मी नुकसान सोसून बाजूला काढल्या आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या ठिकाणच्या मालातली एक बाटली उघडून तिचा वास दोन तास हातावर ठेवल्याशिवाय बाकीचा विकायला काढत नाही. म्हणूनच तुमच्याजवळ अस्सल नमुना आधी असणं हा सगळ्यात चांगला बचाव आहे. बाटली आली की एक पट्टी नमुन्याची, एक बाटलीची, आणि दोन तासांनी दोन्हींचा वास. खोका वाचून जे कळत नाही ते इथे कळतं.

तरीही खोका वाचायचाच. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, किती मिली आणि ग्राहक सेवेचा संपर्क असलेलं लेबल लागतं; सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे आयात नोंदणी क्रमांकही. हे लेबलच नसेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा. वर पारदर्शक वेष्टन असेल तर ते ताणून बसवलेलं, कडांना नीट चिकटवलेलं असतं. ढिलं, डिंकाचे डाग असलेलं असेल तर शंका घ्या. आत बाटली हलू नये अशी पुठ्ठ्याची बैठक असते. काचेत बुडबुडे नकोत, कडा एकसारख्या हव्यात, झाकण सरळ बसायला हवं. फवाऱ्याच्या मानेभोवतीचा धातूचा पट्टा घट्ट, न फिरणारा हवा. आतली नळी द्रवात जवळजवळ दिसेनाशी होते. पांढरी, जाड, तळाशी वाकडी झालेली नळी मला कधीच आवडत नाही. यातली एकेक गोष्ट अस्सल मालातही कधी चुकते. दोन-तीन एकत्र चुकल्या की मी बाटली घेत नाही.

रंगावरून घाबरू नका. व्हॅनिला असलेला परफ्यूम काळानुसार गडद, तपकिरी होतो, ते खराब होणं नव्हे. वास खवट झाला तर खराब. सुरुवातीच्या काळात पश्चिमेकडच्या काचेच्या शोकेसमध्ये मी बाटल्या शोभेसाठी मांडल्या होत्या. एका उन्हाळ्यात त्यांचा सगळा लिंबू-संत्र्याचा ताजेपणा गेला आणि तेल खवट झाल्यासारखा वास उरला. उष्णता आणि उजेड, दोन्ही परफ्यूमचे शत्रू. म्हणून खोका टाकायचा नसतो, त्याचं पहिलं काम बाटलीला अंधारात ठेवणं हे आहे. कुरिअर मेच्या मध्यात मागवू नका, गाडीत तापतं. मार्च संपायच्या आत घरात येऊ द्या. बाटली खोक्यासकट लोखंडी कपाटात नको, ते उन्हाळ्यात भट्टी होतं. घराच्या आतल्या खोलीत, भिंतीतल्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

आप्पांना द्याल तेव्हा कसं लावायचं तेही दाखवा. फाया लावणाऱ्या माणसाला फवाऱ्याचा अंदाज नसतो, तो एकाच जागी चार वेळा दाबतो. आंघोळीनंतर बिनवासाचं मलम थोडं चोळलं तर कोरड्या त्वचेवर वास जास्त टिकतो. छातीवर दोन, मानेमागे एक, हातभर अंतरावरून. पांढऱ्या सदऱ्यावर थेट नको, डाग पडतो. समारंभाच्या वीस मिनिटं आधी लावा, म्हणजे अल्कोहोलचा पहिला झटका हार घालणाऱ्यांच्या नाकात जाणार नाही. आणि आवडत असेल तर कानातला फाया तसाच राहू द्या. वाळ्यावर वेटिव्हर बसतो, दोन्ही एकमेकांना मारत नाहीत. मी स्वतः सणाला असंच लावतो.

राहता राहिली तुमची ती मखमली खोक्याची बाटली. तिन्ही नमुन्यांत आप्पांनी तीच मागितली, तर आनंदाने घ्या, खोक्यासकट घ्या; घडणावळीचे पैसे तेव्हा सार्थकी लागतील, कारण भेट हातात घेतानाचा क्षणही भेटीचाच भाग असतो. दुसरी निवडली आणि तिचा खोका साधा असला तर सराफाच्या दुकानात मिळते तशी लाकडी डबी घ्या, आतून शाळेच्या फळ्यासारखं हिरवं कापड लावा. एका मुख्याध्यापकांच्या मुलीने आमच्याकडून बाटली घेऊन असं केलं होतं. त्यांचं अत्तर कधीच संपलं, डबी मात्र अजून टेबलावर आहे आणि तिच्यात चष्मा असतो.

एक शेवटची विनंती. बाटली संपली की भंगारात देऊ नका आणि रिकामी बाटली विकत मागणाऱ्या कोणालाही विकू नका. त्याच बाटल्या, त्याच अस्सल खोक्यांत, नकली माल भरून बाजारात परत येतात. झाकण काढून आप्पांच्या धोतर-सदऱ्यांच्या कप्प्यात ठेवून द्या, कपड्यांना तो वास येत राहील.